पाझरणारा घट

आमच्या घरचा घट पाझरत नसे, आणि आईला त्याचं जेवढं दुःख होतं तेवढं पुणं सुटल्याचंही झालं नसावं. नवरात्रात परडीत माती पसरायची, मातीत सात धान्यं पेरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट कच्च्या अंगाचा असतो, त्यातलं पाणी हळूहळू झिरपतं, तेवढ्या ओलीवर धान्य उगवतं आणि दसऱ्यापर्यंत पिवळंधमक वीतभर वाढतं. आयर्लंडमधल्या एनिस गावात मातीचा घट कुठून आणणार? पहिली काही वर्षं आईने स्टीलचा तांब्या बसवला. स्टील कसलं पाझरतंय! आई वाटीने पाणी शिंपडायची, कधी जास्त व्हायचं, कधी कमी, आणि आयर्लंडची हवा मुळातच दमट, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. धान्याला कोंब येण्याऐवजी बुरशी यायची. सोलापूरहून आजी व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यायची, चष्मा वर-खाली करून परडीकडे बघायची आणि म्हणायची, "बरंय, देवी समजून घेते." यातल्या 'समजून घेते'ने आईचा दिवस खराब व्हायचा.

आमचं घर गावाच्या कडेला, एकसारख्या घरांच्या रांगेत होतं. छताच्या तिरक्या काचेवर पावसाचा आवाज बाराही महिने असे, त्यामुळे तो थांबला की आम्ही तिघंही मान वर करून बघायचो. आई शॅननच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होती. हृदयात घालायच्या बारीक नळ्या भिंगाखाली धरून त्यात दोष शोधणं हे तिचं काम, आणि घरी आल्यावरही ते भिंग तिच्या डोळ्यांवरून पूर्णपणे उतरत नसे. भाकरी एका बाजूने किंचित जाड झाली तरी तिला कळायचं. बाबा घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायचे, दिवसभर खोलीत बंद, आणि जेवायला बाहेर आले की जगातल्या सगळ्या संभाव्य संकटांची यादी बरोबर घेऊन यायचे. मी आई-बाबांशी इंग्रजीत बोलायची, तेही इथल्या हेलात. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. आता या वयात हे सगळं मराठीत लिहायला बसले आहे हे तिला कळलं असतं तर तिने आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले असते.

त्या वर्षी बाबांनी मागच्या अंगणात शेडसाठी खड्डा खणला आणि खालून निळसर करडी, लोण्यासारखी चिकणमाती निघाली. आईने तिचा गोळा हातात घेतला, दाबला, वळला, आणि मला तेव्हाच कळलं की आता आमचं काही खरं नाही. घट आपणच करायचा असं तिने जाहीर केलं. चाक नव्हतं, म्हणून तिने पुण्याहून आणलेल्या बांबूच्या दोन परड्यांपैकी एकीचा साचा केला. परडीच्या आतून मातीचा थर थापत वर आणला, वर वळ्या रचून गळा केला, आणि काठाखाली गव्हाचे दाणे एका ओळीत दाबून बसवले, दोन दाण्यांच्या मध्ये नखाची एकेक खूण. मग तो हॉट प्रेसमध्ये वाळत ठेवला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, जिथे इथली सगळी घरं टॉवेल वाळवतात. पुढचा आठवडाभर आमच्या अंगाला आंघोळीनंतर मातीचा वास यायचा. बाबांचा ऑफिसच्या मीटिंगचा शर्टही तिथेच होता, पण त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

पहिला घट बाबांच्या बार्बेक्यूच्या पिंपात टर्फच्या, म्हणजे इथल्या दलदलीतून काढलेल्या इंधनाच्या, आगीत ठेवला आणि तो असा काही फुटला की भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई डोकावून "तुम्ही सगळे ग्रँड आहात ना?" असं, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहात ना असं, विचारून गेल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढंच बाबा म्हणाले, आणि घरात गेले. आईने मात्र तुकडे गोळा करून भिंगाखाली पाहिले. माती फार चिकण आहे, आत वाफ कोंडते, तिच्यात काहीतरी खरखरीत मिसळायला हवं, असा तिचा निष्कर्ष निघाला. मग गार्डन सेंटरमधून आणलेली एक लाल कुंडी तिने खलबत्त्यात कुटली आणि तो चुरा मातीत मळला. दुसऱ्या घटाला तडा गेला, पण तो उभा राहिला, त्यात आम्ही चमचे ठेवू लागलो. तिसरा परडीतून न काढता तसाच भाजला, तो साधला. परडी जळून गेली आणि तिच्या विणीची नक्षी घटाच्या पोटावर उमटून राहिली. काळपट, थोडा एका अंगाला कललेला, बेढब घट होता. आईने त्यात पाणी भरलं, आम्ही तिघं ओट्याशी उभे राहून बघत राहिलो, आणि थोड्या वेळाने त्याच्या अंगावर घामासारखा ओलावा आला. आई रडली. मला ते तेव्हा फार अवघड वाटलं होतं.

त्या नवरात्रात धान्य असं तरारून आलं की आजीने व्हिडिओ कॉलवर नुसते हात जोडले. नऊ दिवस घरात साबुदाण्याच्या खिचडीचा, भाजलेल्या दाण्यांचा आणि ओल्या मातीचा वास होता. मी शाळेतून आले की आधी परडीशी जाऊन कोंब किती वर आले ते बघायची.

विसर्जनाचा प्रश्न उरला. गावातल्या नदीत टाकायचं तर पुलावरून लोक बघतात. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढून बरनमध्ये गेलो. बरन म्हणजे आमच्या क्लेअर परगण्यातला तो सगळा करड्या चुनखडीचा उघडा प्रदेश, जिथे पाणी वर टिकतच नाही. एका शेताच्या कडेला एक ओढा खळखळत येत होता आणि एका खडकाच्या कपारीत शिरून सरळ नाहीसा होत होता. आई म्हणाली, "हे थेट पाताळात जातंय. याहून चांगली जागा कुठली?" तिने घट, निर्माल्य, मूठभर कोंब सगळं त्या पाण्यात सोडलं. घट एकदा गिरकी घेऊन आत गेला. आम्ही नमस्कार केला, गाडीत बसून दशम्या खाल्ल्या आणि घरी आलो. कुंपणावर एक पाटी होती. ती आम्ही कोणीच वाचली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेकडून मला उत्खननावर मदतीला जायची संधी मिळाली. बरनमधल्या एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा सापडत होत्या, जळकी हाडं, शिंपले, आणि अगदी थोडे मातीच्या भांड्यांचे तुकडे. उत्खननाची प्रमुख ऊना नावाची बाई होती. साठीची, उंच, केसांवर लोकरी टोपी, हात सदैव चिखलाने रंगलेले. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण आईने मला बजावलं होतं की माझ्या आजीच्या वयाच्या बाईला नुसतं ऊना म्हणायचं नाही. त्यामुळे पहिले काही दिवस मी तिला हाकच मारली नाही, जवळ जाऊन उभी राहायची. माझं काम चाळणीचं. गुहेतून बादल्या भरून माती यायची, ती पाण्याच्या नळीखाली चाळायची आणि चाळणीत उरेल ते बोटांनी चाचपायचं. गुहेच्या तोंडाशी थंडगार हवा यायची, आतून थेंबांचा टपटप आवाज, बाहेर गाई. इतकं समाधानाचं काम मी पुढच्या आयुष्यात फारसं केलेलं नाही.

दुपारी आम्ही उपड्या बादल्यांवर बसून डबे खायचो. बाकीच्यांकडे हॅमची सँडविचेस, माझ्याकडे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ऊनाला ती चटणी इतकी आवडली की ती आपल्या सोडा ब्रेडवर लोण्यावरून थापून खायची, आणि मग आई माझ्या डब्यात तिच्यासाठी वेगळी पुडी देऊ लागली. खाता खाता ऊना बोलायची. माणसाने पहिलं भांडं कसं केलं असेल, हा तिचा आवडता विषय. ती म्हणायची की कदाचित कुणीतरी टोपलीतून दाणे सांडू नयेत म्हणून आतून चिखल लिंपला असेल, आणि एके दिवशी ती टोपली विस्तवात पडली असेल. टोपली गेली आणि भांडं उरलं. लगेच ती बोट वर करून सांगायची की ही नुसती गोष्ट आहे, हे कोणी पाहिलेलं नाही, आणि पुराव्याशिवाय ती परीक्षेत लिहिलीस तर शून्य मार्क. मला आमचा हॉट प्रेस आठवायचा आणि हसू यायचं. आईची गोष्ट तिला सांगावी असं वाटायचं, पण बाकीच्या मुलांसमोर देवीबिवी कोण समजावत बसणार, म्हणून राहून जायचं.

एका सोमवारी गुहेच्या अगदी आतल्या टोकाच्या गाळातून एक तुकडा आला. ऊना तो तळहातावर घेऊन उजेडात आली आणि तिचा चेहरा पाहून सगळे उभे राहिले. भांड्याच्या काठाचा तुकडा, हाताने घडवलेला, उघड्या आगीत भाजलेला. काठाखाली गव्हाच्या दाण्यांचे ठसे, एका ओळीत, प्रत्येक दाण्याची मधली चीर स्वच्छ दिसेल असे. खाली टोपलीच्या विणीची अस्पष्ट खूण. असं काही या देशात तिने कधी पाहिलेलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिने तो मलाही धरायला दिला. दोन दाण्यांच्या मध्ये नखाची खूण होती. आईचं ते नख मी रोज जेवताना बघत होते.

मी मान वर केली. ऊना तोवर फोनवर होती. शनिवारी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये उत्खननात सापडलेल्या वस्तू लोकांना दाखवायच्या होत्याच, आता वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलवायचं ठरलं. मी सायकल दामटत घरी आले आणि आई कारखान्यातून यायची वाट बघत दारातच बसून राहिले.

जेवताना मी सगळं सांगितलं. आईचा हात वरणाच्या वाटीवरच थांबला. बाबांनी आधी विचारलं की मी तिथे काही बोलले का, आणि नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. आमचे नागरिकत्वाचे अर्ज तेव्हा गेलेले होते. त्यात चांगल्या चारित्र्याचा एक मुद्दा असतो, आणि बाबा त्या मुद्द्याच्या इतके धाकात होते की वर्षभर त्यांनी गाडी कधी वेगमर्यादेच्या जवळही नेली नव्हती. त्यांनी फोनवर ती जागा शोधून काढली. संरक्षित क्षेत्र होतं. पाटी त्याचीच होती. तिथे काही टाकणं, काही हलवणं गुन्हा. बाबांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो तुकडा कोणाचा हे जगात कोणाला कळणार आहे? अर्जांचा निकाल लागू दे, मग बघू. मी इंग्रजीत ओरडले की शनिवारी ती बाई सगळ्यांसमोर उभी राहणार आहे, आणि पुढे कधीतरी तपासणीत खरं निघालं की लोक तिला हसतील. बाबा म्हणाले, तिला हसतील, आपल्याला परत पाठवतील.

ते वाईट बोलत नव्हते. घाबरले होते. मी या गावात वाढले होते, मला दुसरं गाव माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेल्यावर मला त्या संध्याकाळच्या त्यांच्या चेहऱ्याची कणव येते.

इथला उन्हाळ्यातला उजेड संपता संपत नाही, त्या उजेडात आई ओट्यावरच्या चमच्यांच्या घटाकडे बघत बसली होती. मग बाबांना म्हणाली, "मंदार, मूठ झाकलेली आहे, पण घट फुटलाय. आणि वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. मी दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांमधले दोष काढते. हा माझा दोष आहे, मीच दाखवणार."

पुढचे दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. आईला कारखान्यातून सुटी मिळाली ती शुक्रवारी दुपारची. मी चाळणीपाशी होते. तिची गाडी शेताच्या फाटकाशी थांबली आणि ती कामाच्याच कपड्यांत खाली उतरली, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ अजून होता. छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. ऊनाला वाटलं चटणी आली, ती हसत पुढे झाली.

आईने टॉवेल सोडला. आत तडा गेलेला दुसरा घट होता, चमचे काढून घासलेला. काठाखाली गव्हाची ओळ, मध्ये नखाच्या खुणा. तिने सगळं क्रमाने सांगितलं, कारखान्यात अहवाल द्यावा तसं. देवी, परडी, अंगणातली माती, कुटलेली कुंडी, टर्फ, ओढा. शेवटी म्हणाली, "पाटी होती, आम्ही वाचली नाही. आमचे नागरिकत्वाचे अर्ज गेलेत. तुम्हाला कळवावं लागेल तर कळवा, पण उद्या तुम्ही तो तुकडा लोकांसमोर धरू नका."

ऊनाने घट हातात घेतला. आत डोकावली, बाहेरून फिरवून पाहिला, तड्याच्या कडेला नख लावलं. त्यात कुंडीचे लाल कण चमकत होते. ती हळूच उपड्या बादलीवर बसली, डोक्यावरची टोपी काढली आणि तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं ती रडतेय, म्हणून आई तिच्या पाठीवर हात ठेवायला वाकली. ऊना हसत होती.

"देवाची कृपा," ती म्हणाली. "त्या लाल कणांनी माझी झोप उडवली होती."

मग तिने सांगितलं. तो तुकडा तिला सोमवारपासून छळत होता. ते लाल कण फार एकसारखे होते. ज्या गाळातून तो निघाला त्याच गाळातून आधी गवताच्या गठ्ठ्याला बांधायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीचा तुकडाही आला होता, आणि तो वरून पडला असेल अशी समजूत तिने स्वतःची घातली होती. एखादी गोष्ट खरी असावी असं फार वाटायला लागलं की माणूस दोरी बघायचं सोडतो, असं ती म्हणाली. वर्तमानपत्रवाल्यांना तिने बोलावलं खरं, पण रोज सकाळी उठून ती तो तुकडा पुन्हा भिंगाखाली धरत होती.

आईने तरीही विचारलंच की कळवणार का. ऊनाने तिच्याकडे नीट पाहिलं.

"काय कळवू? एका बाईने ओढ्यात मातीचं भांडं आणि फुलं सोडली? इथे लोक फ्रिज सोडतात. पुढच्या वेळी समुद्रावर जा, आणि पाटी वाच." मग काहीतरी सुचून ती ताडकन उठली आणि विचारलं, नक्की कुठल्या ओढ्यात? आईने दोन शेतांपलीकडे बोट दाखवलं. त्या ओढ्याचं पाणी जमिनीखालून कुठे जातं यावर इथले गुहांमध्ये उतरणारे लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते. ऊनाने दोन्ही हात वर केले. तिच्या गाळात काय कुठून वाहून येतं ते तिला आता समजलं होतं, आणि आतल्या टोकाची सगळी माती तिने त्याच दुपारी हिशेबातून बाद केली. शनिवारी हॉलमध्ये तिने आईच्या परवानगीने ही सगळी गोष्ट स्वतःची फजिती म्हणून सांगितली. लोक पोट धरून हसले, मग आईसाठी टाळ्या वाजवल्या, आणि बाबा मागच्या रांगेत बसून पहिल्यांदा हसले ते इतकं की त्यांना ठसका लागला. अर्जाचं पत्र शरद ऋतूत आलं. चारित्र्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. बाबांनी ते ओट्यावर ठेवलं, वर चमच्यांचा घट ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गाडी अगदी वेगमर्यादेवर चालवली.

त्या वर्षीच्या घटासाठी माती ऊनाने आणली, पिशवी भरून. आईने नवा घट केला, आणि दसऱ्याच्या दिवशी ऊनाला जेवायला बोलावलं. पुरण, कटाची आमटी, भजी. ती मोजे काढून देवघरापुढे आली आणि थांबली. परडीत कोंब दाटून उभे होते, मधला घट अंगभर ओला होता, त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला होता. मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मला तिचं हळू बोलणं ऐकू आलं. ती म्हणाली, "मी आयुष्यभर फुटलेलीच भांडी पाहिली गं. भरलेलं आज पाहतेय."

आईला मी ते मराठीत सांगितलं. तिने घटातलं पाणी झाडांना घातलं, घट कोरडा केला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि ऊनाच्या हातात दिला. विसर्जन राहिलं, बाबा म्हणाले. झालं की, आई म्हणाली. मग रीतीप्रमाणे तिने कोंबांचे झुबके काढले, आमच्या कानांवर खोचले आणि एक ऊनाच्या लोकरी टोपीत. ऊनाने घट गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला, आणि टोपीतलं ते पिवळं धान्य तसंच मिरवत एनिसच्या रस्त्यावरून हळूहळू गाडी चालवत घरी गेली.